बिजारची गाठ

प्रकाशा गावात हेमकांत पाटलांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांचे ते 'कुवेतवाले आप्पा'. कुवेतहून परत येऊन चौतीस वर्षं झाली. तापीकाठच्या रानात त्यांनी केळी लावली, पपई लावली, दोन्ही मुलींची लग्नं केली, तरी ते नाव काही सुटलं नाही. गावातल्या पोरांना वाटे, आप्पा तिकडे तेलाच्या विहिरीवर असतील. आप्पांनी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. गालिचे धुवायला आणि सांधायला गेलो होतो, हे सांगून कुणाला काय कळणार? पंचक्रोशीत गालिचा म्हणजे लग्नाच्या मांडवात अंथरतात तो. लाल, कुबट, वरणाचे डाग पडलेला.

पौषातल्या एका शनिवारी संध्याकाळी त्यांच्या पुतण्याचा, भाग्येशचा, नवापूरहून फोन आला. भाग्येश तिथे एका पोल्ट्री फार्मवर मॅनेजर होता आणि शीलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता.

"काका, तुम्हना कुवेतना दुकानमा गालिचा व्हतात ना?"

"व्हतात. काबरं?"

"आठे आम्हना शीलाबाईंना घरमा एक मोठा गालिचा शे. इराणना म्हनतस. बाई आते पोरकडे सुरतले चालनी. तठला फ्लॅटमा तो बसत नही म्हनीसन सोमवारे कापनार शेत. दोन खोल्यास्मा दोन तुकडा."

आप्पा हातातली चहाची बशी खाली ठेवून उठून उभेच राहिले.

"कोनी हात लावाले नको, सांग त्यास्ले. मी येस."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते अंघोळ करून तयार झाले तेव्हा प्रमिलाबाई, त्यांच्या पत्नी, चुलीपुढे शेकत बसल्या होत्या.

"येवढा थंडीमा कोठे निंघनात?"

"नवापूर. गालिचा देखाले."

प्रमिलाबाईंनी मान वर करून पाहिलं. नवऱ्याने कोरा सदरा घातला होता आणि ओसरीवर बसून नखं कापायला घेतली होती, अगदी मुळापासून. केळीच्या कामाला जाताना त्यांनी कधी नखांकडे पाहिलं नव्हतं. त्या उठल्या. डब्यात दोन भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला.

नंदुरबारला गाडी बदलून आप्पा नवापुरात पोहोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. भाग्येश स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. शीलाबाईंचा बंगला बाजारापासून जवळच. सासऱ्यांच्या वडिलांनी सागाच्या लाकडाच्या व्यापारातल्या कमाईवर बांधलेला. खांब, जिना, दारं, सगळं सागाचं. आत निम्मं सामान खोक्यांत भरलेलं होतं. शीलाबाई सत्तरीच्या, बारीक चणीच्या, आवाजात अजून वर्गाची धार असलेल्या. त्यांची मुलगी यामिनी आदल्या दिवशीच सुरतेहून आली होती आणि खोक्यांवर मार्करने नावं लिहीत होती.

"या भाऊ," शीलाबाई म्हणाल्या. "हा आमचा काशानी. माझ्या आजेसासऱ्यांनी सुरतेत एका साहेबाच्या लिलावातून आणला. काशान गावचा. माझं लग्न ह्याच्यावर लागलं, यामिनी ह्याच्यावर चालायला शिकली."

दिवाणखान्याच्या मध्यात गालिचा पसरलेला होता. विटकरी लाल जमीन, त्यावर गडद निळी किनार, आणि आत सगळीकडे एकच नक्षी पुन्हा पुन्हा: चौकट, तिच्या चार बाजूंना वाकलेली चार निळी पानं. खिडकीतून आलेलं ऊन एका कोपऱ्यावर पडलं होतं आणि तिथला लाल रंग पिकल्या भोकरासारखा पेटला होता.

आप्पांनी चपला दाराबाहेरच काढल्या होत्या. ते गालिच्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले. वरून त्यांनी जेमतेम पाहिलं. कोपरा दोन्ही हातांनी धरला आणि उलटायला गेले. कोपरा सहज उलटेना. जाड पुठ्ठ्यासारखा ताठ होता. 

चौतीस वर्षांनी त्यांच्या कानाशी कुवेतचे उस्ताद बोलले: वरून काय बघतोस, पालथा कर. पुढची बाजू पाहुण्यांसाठी असते, ओळख पाठीवर असते.

कुवेतच्या बाजारातल्या त्या दुकानात हेमकांत तेवीस वर्षांचा असताना लागला. मालक इराणी, पण सगळी सूत्रं उस्तादांच्या हातात. उस्ताद म्हणजे साठीचा, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा कुर्द माणूस. हिंदी, अरबी आणि फारसी एकत्र कालवून बोलायचा. पहिली दोन वर्षं हेमकांतने फक्त गालिचे धुतले. तिसऱ्या वर्षी उस्तादांनी त्याला समोर बसवलं, डोळ्यांवर फडकं बांधलं आणि बोटं गालिच्याच्या पाठीवर ठेवली. सांग, कुठला? चुकलं की बोटांवर टिचकी. मग हळूहळू बोटांना डोळे फुटले. इराणातल्या हमदानकडच्या खेड्यांत गाठींच्या दोन ओळींमधून आडवा धागा एकदाच घालतात, म्हणून पाठीवर ताण्याचे, म्हणजे उभ्या दोऱ्यांचे, पांढरे ठिपके साबुदाण्यासारखे लागतात. काशानची पाठ नितळ, बारीक, आडवा धागा पुष्कळदा निळा. हेरीझची लोकर चरचरीत, फुलंसुद्धा पट्टीने आखल्यासारखी कोनाकोनांची. रानोमाळ हिंडणाऱ्या कश्कई बायकांच्या गालिच्यात ताणासुद्धा लोकरीचा, म्हणून त्याला ओल्या मेंढीसारखा वास येतो आणि तो कधीच अगदी चौकोनी नसतो. माग उपटून दुसऱ्या मुक्कामी रोवताना कुठेतरी तिरपा झालेला असतो. अशी चाळीसेक गावं हेमकांतच्या बोटांत वसली. त्यांतल्या एकाही गावी तो कधी गेला नाही.

आणि सगळ्यांत शेवटी उस्तादांनी त्यांचं स्वतःचं गाव शिकवलं. बिजार. डोंगरातलं, थंडीचं गाव. तिथे बायका आडवा धागा ओला करून घालतात, एक जाड, दोन बारीक, आणि लोखंडी पंजाने असा ठोकतात की आसपासच्या घरांना आवाज जातो. म्हणून बाजारात त्याला लोखंडी गालिचा म्हणतात. गुंडाळायचा, घडी घालायची नाही. घडी घातलीस तर मोडेल, उस्ताद म्हणाले होते, आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून हसले होते. आम्ही माणसंही तशीच.

आप्पांनी पाठीवरून बोटं फिरवली. ताण्याच्या दोन्ही दोऱ्यांना सारखी मिठी मारणारी गाठ. ओळीमागे ओळ, मध्ये सुई जायला जागा नाही.

"बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, "हा काशानचा नाही. हा बिजारचा आहे. कुर्द बायकांच्या हातचा. शंभर वर्षांचा तरी असेल."

शीलाबाईंचा चेहरा उतरला. "काशानचा नाही? अहो, चार पिढ्या आम्ही ह्याला काशानी म्हणतोय."

यामिनी मार्कर हातात धरून उभी होती. "काका, राग मानू नका. पण तुम्ही शेती करता. एक कोपरा उलटून तुम्हाला गाव कसं कळलं?"

आप्पांना राग आला नाही. तिच्या जागी कुणीही असतं तरी हेच विचारलं असतं. यामिनीने गंमत म्हणून आपल्या बॅगेतून एक छोटा गालिचा काढला. सुरतेच्या एका दुकानातून घेतलेला, हातविणीचा म्हणून. "हा सांगा बरं."

आप्पांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. पाठीवरून एकदा बोटं फिरवली, मग टोकाची झालर चिमटीत धरली.

"हा यंत्राचा आहे पोरी. झालर बघ, मागून शिवलीय. हाताने विणलेल्यात झालर म्हणजे ताण्याचेच उरलेले दोरे असतात. ती लावावी लागत नाही, ती असतेच."

यामिनीने वाकून पाहिलं. शिवण स्पष्ट दिसत होती. ती ओठ दाबून हसली, पण लगेच म्हणाली, "तरी प्रश्न तोच आहे ना काका. कुठलाही असो, माझ्या हॉलमध्ये बसत नाही. आईला तो सोडवत नाही. म्हणून म्हटलं, दोन करू."

तोवर आप्पांचा हात गालिच्याच्या मधोमध गेला होता. तिथे एक आडवी रेघ होती. लव वरून ठीक दिसत होती, पण खाली बोटाला खाच लागत होती, आणि एका ठिकाणी, वीतभर, पार फाटलं होतं.

"ही घडी कुणी घातली?"

"आम्हीच," शीलाबाई म्हणाल्या. "हे गेल्यावर बारा वर्षं घडी करून माळ्यावर ठेवला होता. दिवाणखान्यात पाहवत नव्हता."

 आप्पा उठले. त्यांचे गुडघे वाजले.

"बाई, मला पंधरा दिवस द्या. मी हा सांधून देतो. मग कापायचा की ठेवायचा, तुम्ही ठरवा. पण फाटका कापू नका. ह्याच्या दोऱ्यांत एवढा ताण आहे की कात्री लागली तर कडेपासून उसवत जाईल."

शीलाबाईंनी मुलीकडे पाहिलं. यामिनीने खांदे उडवले आणि सोमवारी कापायला येणाऱ्या माणसाला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

आप्पा पुतण्याच्या खोलीत राहिले. मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, त्यांनी चार लाकडी दांड्यांची चौकट उभी केली आणि गालिच्याचा फाटका भाग तीवर ताणला. नवापुरातल्या लोहाराकडून बोटभर दातांचा पंजा घडवून घेतला. हात चालतील की नाही याची त्यांना खात्री नव्हती. पहिल्या दिवशी ताण्याचे तुटलेले दोरे जोडताना बोटं पुन्हा पुन्हा चुकत होती, आणि दुपारपर्यंत त्यांनी केलेलं सगळं उसवून टाकलं. दुसऱ्या दिवशी थोडं जमलं. तिसऱ्या दिवशी बोटांनी डोक्याला विचारणं बंद केलं.

अडचण लोकरीची होती. बाजारातली लोकर मऊ, गुळगुळीत. बिजारच्या शेजारी ती रबरासारखी दिसली असती. भाग्येश म्हणाला, चिंचपाड्याच्या अलीकडे एका शेतात ठेलारी मेंढपाळांचा मुक्काम आहे. दोघं मोटारसायकलवर गेले. तिथे मेंढ्या बसल्या होत्या आणि एक म्हातारा ठेलारी मेंढ्यांवर नजर ठेवत टकळीवर सूत काढत होता. आप्पांनी ते सूत दोन बोटांत चोळलं. कडक, राठ, थोडं तेलकट. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. "काय व्हयनं काका?" भाग्येशने विचारलं. "कायच नही," ते म्हणाले. दुकानाच्या मागची धुण्याची फरशी, भिजलेल्या गालिच्यांचा ढीग, उस्तादांच्या किटलीतला काळा चहा, सगळं त्या वासातून उभं राहिलं होतं.

लाल रंग मोतीबाईंनी दिला. मोतीबाई चिंचपाड्याजवळच्या एका पाड्यावरच्या, तीस वर्षं शीलाबाईंकडे स्वयंपाक करत होत्या. बाजारातल्या रंगाच्या पुड्या आप्पांनी लोकरीच्या तुकड्यावर करून पाहिल्या; एक गुलाबी झाला, एक भगवा. मोतीबाई भांडी घासता घासता बघत होत्या.

"बारतोंडीचं मूळ आणू का?" त्या म्हणाल्या. "माझी आजी त्यात लुगडं रंगवायची. तुरटी टाकायची. रंग मरेपर्यंत जात नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्या ओच्यातून मुळं घेऊन आल्या. पिवळीधमक, मातीचा वास असलेली. अंगणात तीन दगडांवर पातेलं चढलं. मोतीबाईंनी मुळं कुटली, मंद आचेवर शिजवली, आणि पाणी कधी उतरवायचं, लोकर कधी बुडवायची, ते सगळं त्यांनीच ठरवलं. आप्पा नुसते जाळ सारत बसले. संध्याकाळी लोकर बाहेर निघाली ती विटकरी लाल, पण बिजारच्या लालपेक्षा थोडी काळसर.

"जुळला नाही," आप्पा हिरमुसून म्हणाले.

"तिकडची माती वेगळी, इकडची वेगळी," मोतीबाई म्हणाल्या आणि पातेलं विसळायला घेऊन गेल्या.

गडद निळ्याचं काय करायचं, हे शीलाबाईंनी सोडवलं. त्यांनी एका खोक्यातून निळा स्वेटर काढला. त्यांच्या मिस्टरांचा, शुद्ध लोकरीचा, नवी नवरी असताना पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच विणलेला. "हा कुणाला देववत नव्हता," त्या म्हणाल्या. "उसवा." आप्पांनी नको नको म्हटलं, पण बाईंनी खालच्या कडेचा धागा सोडवून त्यांच्या हातात दिलासुद्धा. मग त्या स्वतः समोर बसल्या, स्वेटर मांडीवर घेतला आणि उसवत राहिल्या. आप्पा गुंडाळत राहिले.

अशाच एका दुपारी, हात चालू असताना, शीलाबाईंनी विचारलं, "भाऊ, तुमचे ते उस्ताद आता कुठे असतात?"

आप्पांचा पंजा थांबला. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता, कारण उस्तादांबद्दल त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. प्रमिलालाही नाही.

"ठाऊक नाही बाई," ते म्हणाले. त्यांनी पंजा खाली ठेवला आणि बोलू लागले. "नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकचं लष्कर शहरात घुसलं. मालक आधीच पळाला होता. दुकानात उस्ताद आणि मी. तीन आठवडे आम्ही शटर पाडून आत होतो. मग भारतीयांच्या बसगाड्या निघायला लागल्या, बगदादवरून अम्मानला. माझं नाव लागलं. उस्ताद म्हणाले, दोन दिवस थांब. गालिचे तळघरात उतरवू, मला एकट्याला झेपायचे नाहीत. बाराशे गालिचे होते. मी म्हणालो, बस उद्या सकाळी आहे."

मोतीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनीही हातातलं काम थांबवलं.

"मग?"

"मग मी गेलो. घरी बायको, दोन लहान पोरी. सकाळी उस्ताद बसपाशी आले. रुमालात रोट्या आणि खजूर बांधून आणले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते काहीच बोलले नाहीत. रुमाल दिला, माझे दोन्ही हात हातात घेतले, पालथे केले, बोटं बघितली आणि परत गेले. चालत. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं."

"पत्र नाही पाठवलं?"

"दुकानाच्या पत्त्यावर तीन पाठवली. तिन्ही परत आली. मग मी केळीत बुडून गेलो." त्यांनी पंजा उचलला. "दोनच दिवस मागितले होते त्यांनी."

  शीलाबाई उठल्या, आत जाऊन तिघांसाठी चहा करून घेऊन आल्या, आणि मोतीबाईंनाही त्या दिवशी तिथेच, पेरूखाली, शेजारी बसवलं.

त्या रात्री जेवताना भाग्येशने मोबाईलवर बरंच शोधलं. कुवेतच्या त्या बाजाराचे फोटो सापडले. नव्या फरशा, नवे दिवे, अत्तराची दुकानं. उस्तादांचं पूर्ण नाव आप्पांना ठाऊक नव्हतं. दहा वर्षं ते फक्त उस्ताद होते. भाग्येशने फोन बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ दे पोऱ्या," आप्पा म्हणाले. पण सांगून टाकल्यावर त्यांना हलकं वाटत होतं, हेही खरं.

सोळाव्या दिवशी शेवटची ओळ ठोकली. लव कात्रीने समपातळीत आणली. मग भाग्येशच्या फार्मवरचे दोन गडी बोलावून गालिचा अंगणात धुतला, उन्हात वाळवला. यामिनी त्या दिवशी आली. सांधा कुठे आहे ते तिला सापडेना. आप्पांनी दाखवलं तेव्हा कळलं, की वीतभर जागेत लाल रंग किंचित काळसर आहे, ढगाची सावली पडावी तसा.

"जुन्या गालिच्यांत रंग असा बदलतोच," आप्पा म्हणाले. "एका कढईची लोकर संपते, दुसऱ्या कढईची लागते. त्याला दोष मानत नाहीत."

यामिनी बराच वेळ गालिच्यावर अनवाणी फिरली. मग तिने पर्समधून टेप काढली, गालिचा मोजला, फोनवर नवऱ्याशी बोलली, पुन्हा मोजला. "सोफासेट काढला तर बसतो," ती शेवटी म्हणाली. "सोफा इकडे पाठवते. भाग्येशदादाला होईल. आम्ही खाली बसू. मुलं तशीही खालीच असतात."

शीलाबाईंनी तोंड फिरवून पदराने चष्मा पुसला.

"पण आता ह्याला म्हणायचं काय?" त्यांनी विचारलं. "बिजारी?"

"काशानीच म्हणा, बाई," आप्पा म्हणाले. "आमच्या गल्लीत एक मुंबईवाला आहे. शहाद्याच्या पुढे कधी गेला नाही. नाव ते नाव."

गालिचा गुंडाळून, सुती चादरीत बांधून टेंपोत चढवला गेला. आप्पांनी ड्रायव्हरला तीनदा बजावलं, घडी पडता कामा नये. टेंपो हायवेला लागेपर्यंत ते फाटकात उभे होते. संध्याकाळच्या गाडीने ते नंदुरबारला, तिथून प्रकाशाला परत आले. दुसऱ्या दिवशी पपईला पाणी द्यायचं होतं.

होळीनंतर शीलाबाईंचा फोन आला. नातवाची मुंज होती, दोघांनी यायचंच. प्रमिलाबाई सुरतेला कधी गेल्या नव्हत्या. नंदुरबारहून गाडीत खिडकीशी बसून त्या नवापूर येईपर्यंत टक लावून बाहेर बघत होत्या.

मुंजीच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. जेवणं झाली, पाहुणे पांगले, तेव्हा शीलाबाईंनी प्रमिलाबाईंना हात धरून दिवाणखान्यात नेलं. "बघा, तुमच्या मालकांचं काम." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्या आत गेल्या.

प्रमिलाबाई गालिच्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मग मांडी घालून बसल्या. दहा वर्षं नवरा कुवेतला होता. महिन्याला मनिऑर्डर यायची, सहा महिन्यांनी पत्र, दोन वर्षांनी तो स्वतः. तिकडे काय करतात विचारलं तर म्हणायचा, दुकान शे. एवढंच. त्यांनी गालिच्यावर तळहात ठेवला आणि हळूहळू सरकवत नेला, शेतातल्या वाफ्यावरून बी पेरून माती सारखी करावी तसा. मध्यावर आल्यावर हात थांबला. त्यांनी बोटांनी लव दुभंगली, आत पाहिलं.

"हाई तुम्हनं शे," त्या म्हणाल्या.

आप्पा मागे उभे होते. "तुले कोनी सांगं?"

"कोन सांगनार? गाय बांधतस तवय तुम्हनी गाठ डावीकडे वढायस. हाई बी तशीच शे."

आप्पांनी वाकून पाहिलं. खरंच, सगळ्या वीतभर भागात गाठी केसभर डावीकडे झुकल्या होत्या. उस्तादांच्या डोळ्यांतून ते सुटलं नसतं.

"मंग," प्रमिलाबाईंनी विचारलं, "तठे दहा वरीस हाईच करत व्हतात?"

"हाईच."

"मले कधी सांगं नही."

आप्पा त्यांच्या शेजारी बसले. गुडघे वाजले. मग त्यांनी गालिच्याचा कोपरा उलटला, प्रमिलाबाईंचं बोट धरून पाठीवर ठेवलं आणि सांगू लागले. हाई ओळ देख. आडवा धागा एक जाड, दोन बारीक. पाण्यात भिजवून घालतस. तठे डोंगर शेत, बरफ पडस. तठला एक मानूस व्हता...

बाहेर सुरतेची वाहनं वाजत होती. प्रमिलाबाईंनी मध्येच एकदा 'बसजोडे उस्ताद काय लयना व्हतात मंग?' असं विचारलं. आप्पांनी रोट्यांचं आणि खजुरांचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि त्यांचं बोट गाठींवरून पुढे सरकत राहिलं.